जुन्या गृहसंगणकाची गती : स्मृतीची आणि प्रक्रियकाची भर

म्हैसूर शहराच्या जुन्या भागात मंडी मोहल्ला नावाची वस्ती आहे. मंडी म्हणजे घाऊक बाजार. वस्तीचे नावच आडत, वखारी आणि तागडी यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे करते. अशा बाजारातील एक आडत दुकान क्षणभर कल्पनेत आणले, तर संगणक कसा चालतो, तो मंद का वाटतो आणि त्याला वेगवान करण्याचे कोणते उपाय खरोखर उपयोगी पडतात, हे समजणे पुष्कळ सोपे जाते.

दुकानात गादीवर दिवाणजी बसले आहेत. त्यांच्यापुढे एक बैठे मेज असून त्यावर मावतील तेवढ्याच वह्या उघडून ठेवता येतात. बाकीची दप्तरे दूरच्या वखारीत आहेत. एखादी वही हवी असेल तर हमालाला धाडावे लागते. दुकानाच्या दारात भावाचा फळा आहे आणि एक मुलगा मेजावरील वहीत पाहून फळ्यावरचे आकडे सतत ताजे करीत असतो. भिंतीवरचे घड्याळ ठोका देते आणि प्रत्येक ठोक्याला दिवाणजी एक लहानसे काम उरकतात.

यातील दिवाणजी म्हणजे संगणकाचा प्रक्रियक. मेज म्हणजे त्याची स्मृती. वखार म्हणजे फीत किंवा चकती, म्हणजे संगणक बंद केल्यावरही माहिती जपणारे साधन. भावाचा फळा म्हणजे पडदा आणि घड्याळाचे ठोके म्हणजे विद्युत्‌स्पंद. दुकानाचे काम रेंगाळू लागले म्हणजे मालक बहुधा दिवाणजींना दोष देतो. परंतु दिवाणजी दिवसाचा बराच वेळ हमालाची वाट पाहत बसलेले असतील, तर त्यांच्या जागी दुप्पट चपळ माणूस आणूनही गिऱ्हाइकांची रांग फारशी कमी होणार नाही. जुन्या गृहसंगणकात सुधारणा करू पाहणाऱ्याने हे तत्त्व प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

बत्तीस किलोबाइटांचा संसार

उदाहरणासाठी एक प्रत्यक्ष यंत्र घेऊ. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने तयार केलेला बीबीसी मायक्रो हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. भारतीय वाचकाला या यंत्राविषयी विशेष आस्था वाटावी असे कारण आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने माध्यमिक शाळांत संगणक-साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा प्रारंभी सुमारे २५० शाळांसाठी याच यंत्राची निवड झाली. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने त्याची भारतीय आवृत्तीही तयार केली. आपल्या देशातील अनेकांनी संगणकाच्या कळफलकाला पहिल्यांदा हात लावला तो या यंत्राच्या.

त्याचा प्रक्रियक ६५०२ या क्रमांकाने ओळखला जातो. १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरांना विक्रीस आलेल्या या चिपमध्ये सुमारे ३,५०० ट्रान्झिस्टर असतात. बीबीसी मायक्रोत ती सेकंदाला २० लक्ष स्पंदांच्या, म्हणजे २ मेगाहर्ट्‌झच्या, गतीने चालते. यंत्राच्या 'बी' आवृत्तीची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट असते. एका बाइटमध्ये एक अक्षर मावते असे धरले, तर एवढ्या जागेत लहान पुस्तिकेइतका मजकूर बसेल.

परंतु ही सर्व जागा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. पडद्यावरील चित्रही याच स्मृतीत साठवलेले असते. रुंदीला ६४० व उंचीला २५६ ठिपके असलेले सूक्ष्म चित्र हवे असेल, तर त्यासाठीच २० किलोबाइट खर्ची पडतात. चकती वापरावयाची असल्यास यंत्राच्या अंतर्गत व्यवहारासाठी आणखी ६,४०० बाइट बाजूला ठेवावे लागतात. ३२,७६८ मधून २०,४८० आणि ६,४०० वजा केले की उरतात ५,८८८ बाइट. मेज मोठे दिसते खरे, पण त्याचा बहुतेक भाग फळ्यावरच्या मजकुराने आणि वखारीच्या पावत्यांनी व्यापलेला असतो.

ठोके जलद का करता येत नाहीत

यावर कोणालाही सुचणारा पहिला उपाय म्हणजे घड्याळाचे ठोके जलद करणे. अधिक गती सहन करणारी ६५०२ चिप मिळते. मग जुनी काढून ती बसवली की झाले, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. प्रक्रियक किती जलद चालावा हे त्याच्या अंगच्या क्षमतेवरून ठरत नाही; ते पटलावरील घड्याळ ठरविते. तरुण दिवाणजी आणले, पण ठोके पूर्वीचेच राहिले, तर काम पूर्वीच्याच गतीने होईल.

मग घड्याळच बदलले तर? येथे दुसरी अडचण उभी राहते. त्याच स्पंदांवर पडद्याचे चित्र, स्मृती आणि इतर चिपा एकमेकींशी ताल धरून चालत असतात. बीबीसी मायक्रोची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ६५०२ प्रत्येक स्पंदाच्या केवळ एका अर्ध्या भागात स्मृतीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्या भागात चित्र उभे करणारी मंडले स्मृती वाचून घेतात. त्यासाठी स्मृती प्रक्रियकाच्या दुप्पट गतीने, म्हणजे सेकंदाला ४० लक्ष वेळा, उत्तर देऊ शकेल अशी निवडलेली आहे. दिवाणजी लेखणी शाईत बुडवतात तेवढ्यात मुलगा वहीत डोकावून जातो आणि कोणालाच कोणासाठी थांबावे लागत नाही. केवळ ठोके वाढविले, तर हा ताल बिघडतो आणि पडद्यावर चित्राऐवजी रेघोट्या उमटतात. शिवाय यंत्राला जोडलेली काही उपकरणे १ मेगाहर्ट्‌झच्याच गतीची असल्याने त्यांच्याशी बोलताना प्रक्रियकाला आजही पाऊल आवरावे लागते.

स्मृती वाढली की गती का वाढते

प्रक्रियकाला हात न लावता केवळ स्मृती वाढविल्याने यंत्र जलद होते, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. त्याचे उत्तम उदाहरण सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या यंत्रात सापडते. याचा झेड-८० प्रक्रियक ३.५ मेगाहर्ट्‌झच्या गतीने चालतो. यंत्र १६ किंवा ४८ किलोबाइट स्मृतीसह मिळे. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याची एक आवृत्ती विक्रीस आणली होती.

स्पेक्ट्रममध्ये पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीवर प्रक्रियक आणि चित्र यांचा सामायिक हक्क असतो आणि तेथे मान चित्राचा असतो. चित्र रेखाटले जात असताना प्रक्रियकाने त्या भागात हात घातला, तर त्याला थोपवून धरले जाते. फळा लिहिणारा मुलगा मेजाशी आला की दिवाणजींनी हात मागे घ्यावा, तसा हा प्रकार. पुढील ३२ किलोबाइट स्मृती मात्र चित्राच्या वाटेला जात नाही. तेथे ठेवलेली आज्ञावली पूर्ण गतीने चालते. म्हणून १६ किलोबाइटच्या यंत्रात ३२ किलोबाइटची भर घातली की जागा तर वाढतेच, पण त्या जागेत ठेवलेले काम अडथळ्याविना चालते.

या भरीसाठी वापरलेल्या चिपांची कथाही बोधप्रद आहे. एक चिप ६४ किलोबिटांची असावी म्हणून तयार केली जाई. तपासणीत तिचा निम्मा भाग सदोष आढळला तर ती फेकून न देता चांगला अर्धा भाग वापरण्यासाठी ३२ किलोबिटांची चिप म्हणून स्वस्तात विकली जाई. अशा आठ चिपा आणि त्यांना जोडणाऱ्या काही लहान तर्क-चिपा मोकळ्या खोबणीत बसवल्या की यंत्र ४८ किलोबाइटचे होई. मात्र वरचा अर्धा भाग चांगला आहे की खालचा, हे सांगणारी जोडतार पटलावर योग्य ठिकाणी असावी लागे आणि आठही चिपा एकाच जातीच्या असाव्या लागत. किडक्या गोणीतले निवडक धान्य वापरण्याचाच हा व्यवहार होता. त्यामुळे घरगुती यंत्राची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली.

मागल्या खोलीतील दुसरे दिवाणजी

एकॉर्न कंपनीने गतीचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. बीबीसी मायक्रोच्या तळाशी चाळीस तारांची एक जोडणी असते. तिला 'ट्यूब' असे नाव आहे. या जोडणीतून दुसरा प्रक्रियक त्याच्या स्वतःच्या स्मृतीसह आणि स्वतःच्या वीजपुरवठ्यासह जोडता येतो. १९८४ मध्ये कंपनीने अशा पेट्या विक्रीस आणल्या. एकीत ३ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ व ६४ किलोबाइट स्मृती होती, तर दुसरीत ६ मेगाहर्ट्‌झचा झेड-८० व तेवढीच स्मृती होती. झेड-८०च्या पेटीमुळे कचेऱ्यांत प्रचलित असलेल्या सीपी/एम पद्धतीच्या आज्ञावल्या या शालेय यंत्रावर चालू लागल्या.

दुकानाच्या भाषेत सांगावयाचे तर मागल्या खोलीत दुसरे दिवाणजी आणून बसवले. त्यांना वेगळे घड्याळ आहे आणि संपूर्ण मोकळे मेजही आहे. पुढले दिवाणजी आता फक्त गिऱ्हाइकांशी बोलतात, फळा सांभाळतात आणि वखारीला हमाल धाडतात. दोघांमध्ये एक लहान खिडकी आहे आणि तिच्यातून चिठ्ठ्या जातात-येतात. ही खिडकी म्हणजेच ट्यूब. पडद्यासाठी पाठविलेली २४ पर्यंत अक्षरे या खिडकीत थांबून राहू शकतात. त्यामुळे पुढले दिवाणजी कामात असले, तरी मागल्यांना लेखणी खाली ठेवावी लागत नाही.

या रचनेचा लाभ दुहेरी होतो. स्पंदांची गती दीडपट होते हा पहिला लाभ. दुसरा याहून मोठा आहे. पडद्याचे चित्र आणि चकतीचा व्यवहार जुन्या यंत्राच्या स्मृतीतच राहतो. नवी स्मृती जवळजवळ संपूर्णपणे आज्ञावलीला मिळते. बेसिक या भाषेच्या नेहमीच्या आवृत्तीत ३० किलोबाइट आणि या पेटीसाठी वेगळ्या केलेल्या आवृत्तीत ४४ किलोबाइट जागा मोकळी राहते, मग पडद्यावर कितीही सूक्ष्म चित्र असो. जेथे ५,८८८ बाइट उरत होते, तेथे आता ४५,०५६ बाइट हाताशी येतात.

एका निकालपत्रकाचा हिशेब

कोणता उपाय कोठे लागू पडतो, हे एका काल्पनिक शाळेच्या निकालपत्रकावरून पाहू. शाळेत ४०० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नाव आणि सहा विषयांचे गुण यांना ४५ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८,००० बाइट. ही माहिती फितीवर आहे. बीबीसी मायक्रो फितीवरून सेकंदाला सुमारे १२० बाइट वाचतो. तेव्हा माहिती आत येण्यास १५० सेकंद लागतील. बेरजा व क्रमवारी यांना ५० सेकंद लागतात असे धरू. नंतर ४०० ओळी, प्रत्येकी ४० अक्षरांच्या, सेकंदाला ८० अक्षरे छापणाऱ्या मुद्रकावर उमटण्यास २०० सेकंद लागतील. एकूण वेळ ४०० सेकंद.

आता दीडपट गतीचा प्रक्रियक जोडला. ५० सेकंदांचे काम ३३ सेकंदांत झाले. एकूण वेळ ३८३ सेकंद. बचत अवघी चार टक्क्यांची. त्याऐवजी फीत काढून चकती आणली आणि वाचनास १५० ऐवजी १० सेकंद लागले, तर एकूण वेळ २६० सेकंदांवर येतो. बचत ३५ टक्क्यांची. प्रक्रियक अमर्याद वेगाचा असता, तरी फीत व मुद्रक तेच असताना ३५० सेकंदांच्या खाली जाता आले नसते. कामाच्या एका भागाची गती कितीही वाढविली, तरी उरलेला भाग एकूण लाभाला मर्यादा घालतो, हा नियम संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

येथवर पाहता दुसऱ्या प्रक्रियकावरील खर्च व्यर्थ ठरतो असे वाटेल. परंतु विद्यार्थ्यांची संख्या ६०० झाली, तर चित्र पालटते. माहिती आता २७,००० बाइटांची होते. चकतीसह चालणाऱ्या यंत्रात, केवळ अक्षरे दाखविणारा एक किलोबाइटचा पडदा निवडूनही, आज्ञावली व माहिती मिळून २५,३४४ बाइटच मावतात. माहिती तुकड्यातुकड्यांनी आणावी लागते. गुणानुक्रम लावताना पहिल्या तुकड्यातील विद्यार्थ्याची तुलना शेवटच्या तुकड्यातील विद्यार्थ्याशी करावयाची असल्याने तेच तुकडे पुनःपुन्हा आत-बाहेर न्यावे लागतात. हमालाच्या खेपा वाढतात आणि चकतीचा लाभही नाहीसा होऊ लागतो. दुसऱ्या पेटीतील ४४ किलोबाइटांत मात्र सर्व माहिती एका वेळी मावते. तेव्हा त्या पेटीचे खरे मोल तिच्या स्पंदांपेक्षा तिच्या मेजात आहे.

सुधारणेची किंमत

प्रत्येक सुधारणेला पैशांखेरीज दुसरीही किंमत द्यावी लागते. वेगासाठी पुष्कळ आज्ञावल्या, विशेषतः खेळांच्या, यंत्राच्या अधिकृत मार्गांनी न जाता चित्राच्या स्मृतीत थेट लिहीत. दुसरा प्रक्रियक जोडल्यावर त्या फसतात. कारण मागल्या खोलीतील दिवाणजींचा हात दारातल्या फळ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांनी चिठ्ठीच पाठवली पाहिजे. एकॉर्नने पहिल्यापासून सर्व कामे अंतर्गत आज्ञांच्या द्वारा करावीत असा आग्रह धरला होता. ज्यांनी तो पाळला त्यांच्या आज्ञावल्या कोणताही बदल न करता दुसऱ्या पेटीत चालल्या. 'एलीट' हा १९८४चा प्रसिद्ध अवकाश-खेळ या पेटीसाठी मुद्दाम वेगळा लिहावा लागला. ज्या खेळांत वेळ मोजण्यासाठी केवळ निरर्थक गणती केलेली असते, ते वाढलेल्या गतीमुळे खेळण्यास अशक्य होऊन बसतात.

दुसऱ्या प्रक्रियकाच्या या खिडकीने पुढे एक अनपेक्षित कार्य केले. ऑक्टोबर १९८३ मध्ये एकॉर्नने स्वतःचा प्रक्रियक रचण्याचे काम हाती घेतले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याचे प्रमुख रचनाकार. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली. सुमारे २५,००० ट्रान्झिस्टरांच्या या चिपचे नाव एआरएम. तिच्यासाठी वेगळे यंत्र अद्याप तयार नव्हते. तेव्हा ती बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला जोडूनच चालविण्यात आली. आज जगातील बहुसंख्य भ्रमणध्वनींत याच कुळातील प्रक्रियक असतात.

जुने यंत्र उघडताना

ही यंत्रे आता चाळिशीला पोहोचली आहेत. अशा यंत्रात गतीची भर घालण्यापूर्वी ते सुरक्षितपणे चालेल की नाही हे पाहणे आवश्यक आहे. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात उपद्रवी लहरी गाळणारी कागदी धारित्रे असतात. वयोमानाने त्यांच्या आवरणाला तडे जातात, ओलावा आत शिरतो आणि यंत्र सुरू करताच ती जळून धूर निघतो. म्हणून ती आधी बदलावीत. वीज काढल्यावरही पुरवठ्यातील मोठ्या धारित्रात घातक भार शिल्लक राहू शकतो. हे काम जाणत्या दुरुस्तीकाराकडेच सोपवावे. चिपा बसवताना एका टोकाची खाच योग्य दिशेला आहे याची खात्री करावी, कारण उलटी बसवलेली चिप बहुधा वाचत नाही. कोरड्या हवेत अंगावर साठलेल्या स्थिर विद्युतेनेही चिप निकामी होते. म्हणून भूसंपर्कित धातूला हात लावूनच काम सुरू करावे.

त्या काळच्या पेट्या आता दुर्मीळ आहेत. त्यांच्या जागी ट्यूबला रास्पबेरी पाय हा २०१२ मध्ये केंब्रिजमधूनच आलेला छोटा संगणक जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. जुने यंत्र ५ व्होल्टचे आणि नवे ३.३ व्होल्टचे असल्याने दोहोंमध्ये पातळी बदलणारी चिप घालावी लागते. मग हा छोटा संगणक आज्ञावलीच्या बळावर ६५०२चे किंवा झेड-८०चे सोंग घेतो आणि मूळ पेटीपेक्षा कित्येक पटींनी जलद चालतो. त्याच्या पोटातील प्रक्रियक एआरएम कुळातलाच आहे.

या मार्गाचा मोठा गुण असा की मूळ पटलावर डाग द्यावा लागत नाही. तार काढली की यंत्र पूर्ववत होते. ज्या सुधारणांसाठी पटलावरील रेषा कापाव्या लागतात त्यांचे तसे नाही. ज्या यंत्रावर एखाद्या शाळेच्या पहिल्या संगणकवर्गाने अक्षरे उमटवली, ते जुने झाले की इतिहासाचा पुरावा बनते. तेव्हा मालकाने प्रथम आपले काम कोठे अडते हे घड्याळ लावून पाहावे. अडथळा वखारीच्या वाटेवर असेल, तर चकती घ्यावी. मेज अपुरे असेल, तर स्मृती वाढवावी. आणि आकडेमोडच खरोखर वेळ खात असेल, तरच दुसरा प्रक्रियक जोडावा. काढलेली प्रत्येक चिप नाव-तारीख लिहून पेटीत जपून ठेवावी, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ते यंत्र जाईल, त्याला ते मूळ रूपात पाहावयाचे असल्यास पाहता येईल.